माझ्या पोटातली अर्धी वाळू

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. काचेचे दोन फुगे, मध्ये सुईच्या नेढ्याएवढा गळा आणि भोवती लाकडाची चौकट, एवढेच माझे शरीर. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा स्वभावाने गरीब असतात. फुटकी छत्री असो की मोडका बाक, शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी केलेली नाही. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे मागाहून तुमचा विरस व्हायला नको.

गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांची बोलणी थांबवण्याचे काम केले. स्वतः बोलायची वेळ कधी आली नाही. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

आमचे गाव एका डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगराच्या कुशीत एक झरा आहे. त्याचे पाणी कालव्याने गावात येते, वरच्या आळीतून खालच्या आळीत जाते आणि मग शेतांत पसरते. मला घडवले ते एका काच फुंकणाऱ्याने आणि त्याच्या बायकोने. एक फुगा फुंकता फुंकता त्याला ठसका लागला, म्हणून दुसरा तिने फुंकला. तो किंचित मोठा झाला. गावात अजून थट्टा करतात की बायकोचा दम मोठा.

माझ्या पोटातली वाळू मात्र एका माणसाची नाही. गावातल्या प्रत्येक घराने झऱ्याच्या तळाची मूठभर वाळू आणली, धुतली, वाळवली, कापडातून चाळली आणि माझ्यात ओतली. ती तांबूस आहे, आणि उन्हात धरली की तिच्यात अभ्रकाचे कण चमकतात. कोणाची मूठ कुठली, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मला ते फार आवडे.

मला नगरसभेच्या टेबलावर ठेवण्यात आले. आमच्या सभेचे दोन नियम होते. पहिला असा, की बोलायला कोणीही उभा राहो, अध्यक्ष असो की मासळीवाली, त्याला एकच पलटी मिळे. वाळू पडत आहे तोवर त्याला कोणी अडवायचे नाही. वाळू संपली की त्याने थांबायचे, मग शब्द अर्धा का तुटेना. दुसरा नियम त्याहून जुना. फार पूर्वी कोणी सावकार सभेत भला लांबलचक करार घेऊन आला होता. तो वाचता वाचता सभा पेंगली, आणि पेंगेत गावाचे कुरण गेले. तेव्हापासून ठरले, की ज्याला गावाशी करार करायचा आहे त्याने तो एका पलटीत स्वतः वाचून दाखवावा आणि लगेच मत घ्यावे. जेवढे वाचले तेवढेच बंधनकारक. जे वाळूत बसले नाही, ते सभेने ऐकले नाही.

किती माणसे बोलताना ऐकली मी! तोतरा सुतार बोलायला उभा राही, तेव्हा त्याच्या एकेका शब्दाला अर्धी सभा ओठ हलवून मदत करी, पण त्याला मध्ये कोणी तोडत नसे. एक विधवा आपली पूर्ण पलटी नुसती रडली आणि बसली. सभेने तेही ऐकून घेतले आणि तिच्या छपराचे काम त्याच दिवशी मंजूर केले. बाहेरगावचे पाहुणे मला हातात घेऊन म्हणत, "एवढंसं घड्याळ, पण सगळ्यांना सारखं मापतं." मी फुगून जाई. काचेला आणखी फुगणे शोभत नाही, हे कळत असूनही.

मला पलटण्याचे काम एका बाईकडे होते. तिचे खरे नाव सभेच्या कागदांत असेल, पण सगळे तिला पलटूकाकी म्हणत. तिच्या आधी हे काम तिची सासू करी. काकी सकाळी येऊन सभागृह झाडी, मला मऊ फडक्याने पुसे, आणि सभा सुरू झाली की माझ्याशेजारी स्टुलावर बसे. तिच्या तोंडी सभेत दोनच शब्द असत. "वाळू संपली." आवाज न चढवता म्हणे, पण मागच्या भिंतीपर्यंत पोहोचे.

मग कंपनी आली.

ती गोड, फसफसणारी पेये बनवी. तिच्या बाटल्या सगळ्या जगात जात असत म्हणे. डोंगराखाली तिचा कारखाना उभा राहिला आणि झऱ्याचे थोडे पाणी ती एका नळीतून घेऊ लागली. सभेनेच तशी परवानगी दिली होती, आणि काही तरुणांना कामही मिळाले. तिथवर कोणाची तक्रार नव्हती. कारखान्याचा व्यवस्थापक बोलायला इतका गोड की लोकांनी त्याचे नाव साखरसाहेब ठेवले. तो मुलांचे गाल ओढी, म्हाताऱ्यांच्या पाया पडे. अध्यक्षांच्या घराभोवती पक्के कुंपण त्याने बांधून दिले. एका सभासदाच्या जावयाला नोकरी दिली, दुसऱ्याच्या अंगणात फरशी घातली. लाच म्हणून कोणी काही घेतले नाही हो. शेजारधर्म म्हणून घेतले.

आणि एके दिवशी कंपनीने सभागृहाची दुरुस्ती काढली. फुकट. भिंतींना रंग लागला, तोही बाटल्यांवर असतो तोच लाल. नव्या खुर्च्या आल्या, पंखे आले. साखरसाहेब माझ्यापाशी येऊन म्हणाला, "या बिचाऱ्याची चौकट किती झिजली! हेही नेतो, नवं करून आणतो."

काकी म्हणाली, "मी येते बरोबर."

"अहो काकी, घड्याळ आहे, माहेरवाशीण नव्हे," तो म्हणाला. सगळे हसले. काकीही कसनुशी हसली, आणि मला त्याच्या हाती दिले.

कारखान्याच्या एका खोलीत त्याने दार लावून घेतले. बाहेरून आणलेल्या काचकाम्याने माझा खालचा तळ उघडला. साखरसाहेबाने मला वाकडे धरले आणि माझ्या पोटातली अर्धी वाळू टेबलावर ओतली. मग तळ पुन्हा बंद झाला. मला दुखले का, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, मला इतके हलके वाटले की तेच दुखणे होते. ती काढलेली वाळू त्याने फेकूनही दिली नाही. एका पितळी तबकात भरून स्वतःच्या टेबलावर ठेवली, आणि माझ्यादेखत तिच्यात आपली सिगारेट विझवली.

त्या दिवशी मी ठरवले. काचेची वस्तू ठरवून ठरवून काय ठरवणार, असे मलाही वाटले. पण ठरवले.

चकचकीत चौकट घालून मी परत आलो. काकीने मला पहिल्यांदा पलटले आणि तिचा हात हवेतच थांबला. सभा संपल्यावर ती अध्यक्षांना म्हणाली, "घड्याळ हलकं लागतंय हो."

"म्हातारपणी सगळ्यांना सगळं जड होतं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला हलकं लागतंय. नशीबवान आहात."

आणि लोकांना काय वाटले सांगू? लोकांना वाटले, आपणच पाल्हाळिक झालो. आधी दाराशी उभे राहून मुद्दे पाठ करू लागले. तोतऱ्या सुताराने बोलणेच सोडले. कंपनीची माणसे मात्र आखीव चार वाक्ये घेऊन येत आणि वाळू उरवून बसत. "सभा कशा चटपटीत झाल्या नाही?" अध्यक्ष म्हणत, आणि बाकीचे माना डोलावत.

काकीला एक धाकटा भाऊ होता. खालच्या आळीत त्याचे रंगकामाचे घर होते. कापड रंगवल्यावर ते वाहत्या पाण्यात धुवावे लागते, नाही तर रंग मरतो. गेले काही महिने खालच्या आळीत पाणी वाहत नव्हते, नुसते ठिबकत होते. रंगारी सभेत उभा राहिला. तो जुन्या रीतीचा माणूस. आधी अध्यक्षांना नमस्कार, मग सभासदांना, मग शेजाऱ्यांना. मग वडिलांनी भट्टी कशी लावली ते. महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगायची, एकदम तोंडावर फेकायची नाही, असा त्याचा सभ्यपणा. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे बाबा, लवकर सांग, माझ्यात काही उरलेले नाही!

"आणि गेल्या आठवड्यात," तो म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की झऱ्याच्या तोंडाखाली..."

माझा शेवटचा कण पडला. काकीचा चेहरा पांढरा झाला होता. पण तिचे काम तिने केले.

"वाळू संपली."

"ताई, एवढ्यात कशी?"

मागून कोणी तरी म्हणाले, "उरलेलं घरी सांगा ताईला!" सभागृह हसले. कालवा आटला होता त्या आळीतलीही माणसे हसली.

"एकच वाक्य आहे," रंगारी म्हणाला. "एवढं होऊ द्या."

साखरसाहेब उठला. आवाजात मध होता. "मला फार वाईट वाटतं. पण उद्या सगळेच एक वाक्य मागतील. नियम म्हणजे नियम. जे वाळूत बसलं नाही, ते सभेनं ऐकलं नाही." अध्यक्षांनी हातोडी आपटली. तक्रार ऐकलीच गेली नाही, असे नोंदले गेले.

रंगारी बाहेर बोलू शकत होता, म्हणाल. बोलला की. चार दिवस रस्त्यात भेटेल त्याला सांगत होता. पाचव्या दिवशी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. सभेत बोललेल्यावर खटला होत नसे, पण रस्त्यात बोललेली ती बदनामी. आणि पुढच्या सभांत त्याला संधी मिळेना. बोलणाऱ्यांची रांग सकाळी दारात लागे, आणि तो येई तेव्हा कंपनीची माणसे आधीच उभी असत. आता ती वाळू उरवत नसत, शेवटच्या कणापर्यंत बोलत, आणि सगळ्यांची पलटी होईपर्यंत दिवस मावळे. शेवटी भट्टी विझली. तेव्हा साखरसाहेब स्वतः त्याच्या घरी गेला आणि त्याला आपल्या कचेरीत झाडलोटीचे काम देऊन आला. गावाने उपकार मानले. रंगारी मूग गिळून झाडू लागला. घरात खाणारी तोंडे होती.

एका दुपारी तो रिकाम्या सभागृहात आला. काकी मला पुसत होती. त्याने रुमालाची गाठ सोडली.

"ताई, हा रंग बघ."

रुमालात चिमूटभर वाळू होती. काळवंडलेली, राखेत मळलेली. काकीने ती खिडकीतल्या उन्हात धरली. अभ्रक चमकले. मग तिने मला त्या वाळूशेजारी धरले.

"कुठे मिळाली?"

"साहेबाच्या टेबलावर. सिगारेटी विझवतो तिच्यात. रोज मीच साफ करतो ते तबक."

माझी चौकट काकीच्या बोटांत करकरली.

"म्हणजे तुझं वाक्य मी तोडलं नव्हतं," ती म्हणाली.

"सगळ्यांना सांगू या, ताई."

"कोणाला? अध्यक्षांना? त्यांच्या कुंपणाच्या विटा कोणी दिल्या? ते म्हणतील, बाईनंच सांडली वाळू आणि आता दुसऱ्यावर ढकलते. मग हे घड्याळही जाईल आणि मीही."

"मग काय करायचं?"

"थांबायचं. घड्याळ त्यांनी हलकं केलंय ना? एक दिवस त्यांनाच ते जड जाईल. तू ते तबक साफ करताना राख तेवढी फेकत जा. वाळूचा कण फेकू नकोस."

मित्रांनो, थांबण्यात माझा हात कोण धरणार? थांबणे हाच माझा धंदा.

तो दिवस आला. कंपनीला झरा हवा होता, सगळाच्या सगळा. भोवतालच्या डोंगरासकट, कुंपण घालून, आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत. करारात आधी कंपनी गावाला काय देणार ते लिहिले होते. कालव्याची पक्की बांधणी, खालच्या आळीत विहिरी, शाळेला छप्पर, दवाखान्याला नवी खोली. गोड आधी, म्हणजे कडू घशाखाली सहज उतरेल. झऱ्याचे कलम सगळ्यात शेवटी. सभासदांपैकी निम्म्याहून अधिक जण कंपनीच्या शेजारधर्मात बुडालेले होते. वाचन थांबले आणि अध्यक्षांनी विचारले की हात वर, एवढेच त्यांना सांगून ठेवले होते.

वाचणार होता साखरसाहेब. माझ्यात किती वाळू आहे हे त्या कंपनीत फक्त त्यालाच ठाऊक. चोरी त्याने इतकी जपली होती की वरच्या कचेरीलाही कळू दिली नव्हती. आदल्या दुपारी तो एकटा सभागृहात आला, मला पलटले आणि करार भराभरा वाचून पाहिला. झऱ्याचे कलम आणि माझा शेवटचा कण बरोबर एकदमच संपले. तो माझ्याकडे बघून हसला. मी त्या हसण्याचा कण न् कण जपून ठेवला.

पण सभेच्या दिवशी कंपनीचे मोठे साहेब स्वतः आले. बरोबर छायाचित्रकार होते, कॅमेरे होते. झऱ्यावर झडप घालायला आलेला माणूस, पण अंगावर पांढरेशुभ्र कपडे. त्यांनी कॅमेऱ्यांसमोर आधीच करारावर सह्या केल्या, मोठ्या, वळणदार. मग साखरसाहेबाच्या हातातला कागद घेतला.

"मीच वाचतो. लोकांशी थेट बोलायला मला आवडतं."

"साहेब, उगाच त्रास... मी तयारी केली आहे..."

"एक पलटी आहे ना? तेवढ्यात मी दोनदा वाचीन. पाटीवर लिहिलंय की किती वेळ ते."

माझ्या चौकटीवर पितळी पाटी होती, जुन्या, भरल्या पोटाच्या पलटीचा वेळ सांगणारी. ती साखरसाहेबाने बदलली नव्हती. चोर तेवढा हुशार असतो.

काकीने मला पलटले. मोठे साहेब उभे राहिले, आणि करार उघडायच्या आधी त्यांनी आपल्या आईची आठवण सांगितली.

"मी लहान असताना आमच्या घरी पाणी नव्हतं," ते म्हणाले. "आई डोक्यावर हंडा घेऊन..." त्यांनी डोळे टिपले. टाळ्या पडल्या. टाळ्या संपेपर्यंत ते थांबले. मी थांबलो नाही.

साखरसाहेबाकडे मी बघत होतो. त्याच्या कपाळावर घाम आला. तो खोकला. मोठे साहेब कालव्याचे कलम वाचत होते, सावकाश, एकेक शब्द ओवाळून. विहिरींच्या कलमाला पुन्हा टाळ्या. शाळेच्या छपराला त्यांनी मुलांविषयी एक विनोद केला.

साखरसाहेब त्यांच्या बाहीला ओढून कुजबुजला, "साहेब, जरा लवकर."

"घाई काय आहे?" मोठे साहेब मोठ्याने म्हणाले. "आपण कुठे पळून जाणार आहोत?" सभा हसली.

आता तुम्ही त्याची दशा ओळखा. 'वाळू अर्धीच आहे,' एवढे तीन शब्द बोलला असता तर झरा वाचला असता, त्यांचा झरा. पण ते तीन शब्द बोलायचे तर अर्धी वाळू कोणी काढली हे सगळ्या गावादेखत सांगावे लागले असते. खाई त्याला खवखवे. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत पडत राहिलो. उभ्या जन्मात इतक्या आनंदाने मी कधी पडलो नव्हतो.

दवाखान्याची खोली झाली. मोठे साहेब पाणी प्यायले. मग पान उलटून म्हणाले, "आणि याच्या मोबदल्यात..."

"वाळू संपली," पलटूकाकी म्हणाली.

मोठे साहेब हसले. "पलटा की परत. एकच कलम आहे."

"अध्यक्ष?" काकीने विचारले.

अध्यक्षांनी साखरसाहेबाकडे पाहिले, मग कॅमेऱ्यांकडे, मग काकीकडे. "काकी... एवढ्या वेळेपुरतं... पलटा."

काकीने माझ्यावर तळहात ठेवला. तो गरम होता. "मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण उद्या सगळेच एक कलम मागतील. नियम म्हणजे नियम. जे वाळूत बसलं नाही, ते सभेनं ऐकलं नाही. माझे शब्द नव्हेत हे. माझ्या भावाला सांगितले होते या साहेबांनी. सभेच्या कागदात आहेत."

मागच्या बाकांवर आधी कोणी तरी हुंकार दिला. मग शेजारच्याने. तोतरा सुतार उठला आणि म्हणाला, "नि... नि... नियम!" आणि सगळ्या भिंती तो शब्द बोलू लागल्या.

"मत घ्या," काकी म्हणाली. "वाचन झालं की लगेच मत. तोही नियमच."

अध्यक्षांचे भान सुटले होते, आणि भान सुटले की माणूस सवयीवर जातो. कंपनीचे ठराव झटपट मंजूर करण्याची त्यांच्या जिभेला सवय होती. "वाचलेल्या कराराला मंजुरी असणाऱ्यांनी..." एवढे ते म्हणाले मात्र, वाचन थांबले आहे आणि अध्यक्ष विचारत आहेत एवढेच ओळखून शेजारधर्मातले सगळे हात सटासट वर गेले. हातोडी आपटली. "मंजूर!"

काय मंजूर झाले, ते पाहा. कालवा, विहिरी, छप्पर, खोली, सगळे कंपनीने द्यायचे. मोबदल्यात काय, ते सभेने ऐकलेच नव्हते.

आणि तेव्हा साखरसाहेब खुर्चीवर चढून ओरडला. मध नव्हता आता आवाजात. "हात खाली! अरे, हात खाली करा सगळे!"

मित्रांनो, ते हात खाली आले. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांचे हात, एका बाटलीवाल्याच्या एका ओरडण्यावर, शाळेतल्या पोरांसारखे खाली आले. मंजुरी तर होऊन गेली होती, त्यामुळे उपयोग काहीच झाला नाही. पण कॅमेरे चालू होते, आणि सगळ्या गावाने पाहिले की ते हात कोणाच्या खांद्याला जोडलेले आहेत. इतकी वर्षे नुसती कुजबूज होती. आता चित्र होते.

कंपनी कोर्टात गेली. तिथल्या वकिलाने विचारले, हा कसला गावठी नियम? गावाच्या वकिलाने सभेचा कागद पुढे केला आणि साखरसाहेबाचेच वाक्य वाचले. मग घड्याळ कमी भरते असे म्हणायचा त्यांनी प्रयत्न केला. न्यायाधीश म्हणाले, "तुम्हाला कसं ठाऊक?" यावर कंपनी गप्प बसली. कालवा बांधून झाला. विहिरी झाल्या. शाळेचे छप्पर अजून अर्धेच आहे, दर वर्षी नवे कारण निघते. सगळा विजय एकदम मिळतो असे मी तुम्हाला सांगणार नाही. सभासद पुढच्या निवडणुकीत पडले. अध्यक्ष आपल्या पक्क्या कुंपणाआड बसून असतात. त्यांना भेटायला फारसे कोणी जात नाही. मला वाईट वाटते का? नाही वाटत.

माझी वाळू रंगाऱ्याने परत आणली. तबकातला कण न् कण त्याने जपून ठेवला होता. झऱ्याच्या पाण्यात धुतली, अंगणात वाळवली, कापडातून चाळली. काचकामी गावातलाच बोलावला, आणि या वेळी सगळ्या सभेसमोर माझा तळ उघडला. पोट भरले तेव्हा मला आठवले, की भरलेले असणे म्हणजे काय.

पुढच्याच सभेत रंगारी बोलायला उभा राहिला. समोरच्या रांगेत साखरसाहेब होता. 'तू करून ठेवलंस, तूच निस्तर' म्हणून कंपनीने शिक्षा म्हणून त्याला पाठवले होते, आणि त्याच्याबरोबर कारखान्याचे बाकीचे साहेब. काकीने मला पलटले. रंगाऱ्याने नमस्कार केला नाही, वडिलांची भट्टी काढली नाही.

"मागं माझं एक वाक्य अर्धं राहिलं होतं," तो म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की झऱ्याच्या तोंडाखाली कंपनीची दुसरी नळी पुरलेली आहे. परवानगी एका नळीची होती. चला, खणून दाखवतो."

आणि तो बसला नाही. तसाच उभा राहिला, काही न बोलता. माझी वाळू जेमतेम सुरू झाली होती. वाळू पडत आहे तोवर कोणी मध्ये बोलायचे नाही, कोणी उठायचे नाही. रंगाऱ्याने समोरच्या रांगेतल्या एकेका चेहऱ्याकडे पाहायला सुरुवात केली. डावीकडून. सावकाश. साखरसाहेबापाशी येऊन त्याची नजर थांबली, आणि थांबून राहिली. साखरसाहेबाने खाली पाहिले, मग छताकडे, मग शेवटी माझ्याकडे, की हे संपते कधी.

मी पूर्ण भरलेलो होतो, मित्रांनो. मुळीच घाई केली नाही.

मला पलटताना काकीचा हात आता पुन्हा खाली ओढला जातो आणि ती समाधानाने हुं करते. तुम्हाला मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्याही गावात, शाळेत, सभेत सगळ्यांचे सारखे माप करणारी कुठली तरी जुनी वस्तू असेल. तिला पुसत जा. कोणी मोठा माणूस ती फुकट दुरुस्त करून देतो म्हणाला, तर त्याच्याबरोबर जा, आणि परत आल्यावर ती हातात तोलून पाहा. आणि आपले बोलणे अपुरे पडते असे वाटू लागले, तर स्वतःला पाल्हाळिक म्हणण्याआधी घड्याळात डोकावून पाहा.

रंगाऱ्याने कितीही धुतली तरी वाळूत राखेचे काही काळे कण राहून गेले आहेत. तो म्हणाला होता, पुन्हा चाळतो. काकी म्हणाली, असू दे. कंपनीचा माणूस बोलायला उभा राहिला की ते काळे कण सगळ्यात शेवटी गळ्यातून उतरतात. लोक म्हणतात, योगायोग. मी त्यांना मुद्दाम मागे धरून ठेवतो, म्हणजे पडताना त्याला ते दिसावेत.